सदतिसावा गुण

पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतात. वर्णाचा एक, वश्याचे दोन, ताऱ्याचे तीन असं करत करत शेवटी नाडीचे आठ, बेरीज छत्तीस. त्यातले अठरा जमले तरी लग्नाला हरकत नसते, म्हणजे पस्तीस टक्क्यांना पास करणाऱ्या आपल्या बोर्डापेक्षा ज्योतिषी जरा कडकच. योनीच्या चार गुणांसाठी तर मुलाला आणि मुलीला एकेक प्राणी वाटून दिलेला असतो. घोडा, हत्ती, मेंढा, साप, कुत्रा, मांजर, उंदीर अशी एकूण चौदा जनावरं. मुलगा मांजर आणि मुलगी उंदीर निघाली की वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात. इतका बारीक विचार करणाऱ्या पूर्वजांना एक रकाना मात्र सुचला नाही. हे जनावर दुसऱ्याला कधी काही विचारतं का?

विचारतं म्हणजे पगार किती, फ्लॅट कार्पेट की बिल्टअप, गोड बातमी कधी, हे नव्हे. असले प्रश्न विचारणाऱ्यांचा महाराष्ट्रात दुष्काळ कधीच पडलेला नाही. आमच्या मजल्यावरच्या एक काकू तर जिन्यात भेटल्यावर पहिल्या पायरीला पगार आणि चौथ्या पायरीला गर्भाशय गाठतात. मी म्हणतेय ते निरुपयोगी प्रश्न. कोकिळ पहाटे तीनला कुणासाठी ओरडतो? चकलीला काटे कशाला? लिफ्टमध्ये आरसा का लावतात? उत्तर मिळालं तरी एक रुपयाचा फायदा नाही आणि नाही मिळालं तर मात्र रात्रीची झोप नाही, अशा जातीचे.

मला तरुणपणापासून या जातीच्या माणसांचं वेड. मैत्रिणी केसांवर, आवाजावर, कुणाच्या तरी बुलेटवर भाळायच्या. माझं चित्त ‘पण असं का होत असेल?’ या वाक्यावर ढळायचं. वाक्य बोलणाऱ्याला टक्कल असलं तरी चाले.

घरात हे सांगायची सोय नव्हती, कारण हुशारीबद्दल आमच्या घराची मतं पक्की होती. हुशार म्हणजे बोर्डात आलेला. पेपरात फोटो, आईवडील दोन बाजूंनी पेढा भरवताहेत, मुलाचं तोंड उघडं आणि डोळे मिटलेले. आईने असं एक बोर्डात आलेलं स्थळ माझ्यासाठी मोठ्या मिनतवारीने मिळवलं होतं. मुलगा दिसायला नीटनेटका, बोलायला नम्र. मी विचारलं, इतिहास वाचायला आवडतो का? तो म्हणाला, “नाही, तो स्कोअरिंग नव्हता.” भूगोल? “त्यात नकाशे स्कोअरिंग होते.” पुढे मराठी, संस्कृत, बीजगणित यांचीही हीच चौकशी झाली. जगाचं वर्णन त्याने फार थोडक्यात केलं: गुण देणारं आणि न देणारं. त्याला माझे किती द्यावेत हे काही कळेना, आणि स्थळ पुढे सरकलं.

मग आला तो सध्याचा.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत स्टेशनमास्तर. सगळी नोकरी एकेरी मार्गावरच्या लहानलहान स्टेशनांत गेलेली. आधीची स्थळं त्यांना आडवळणाने पेन्शन विचारून घेत. हा मुलगा पोह्याचा पहिला चमचा तोंडात घालायच्या आधी म्हणाला, “काका, एकच रूळ असताना समोरासमोर दोन गाड्या येत कशा नाहीत?”

अण्णांनी बशी खाली ठेवली. गोळ्यांची गोष्ट सुरू झाली. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, तारेने जोडलेली, आणि त्यांच्या पोटात धातूचे गोळे. पुढच्या स्टेशनने होकार दिल्याशिवाय यंत्र गोळा सोडत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडचं कुठलंच यंत्र दुसरा सोडत नाही. तो गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही. गाडी थांबणार नसेल तर गोळा पिशवीत घालून पिशवी वेताच्या कड्याला लावायची आणि धावत्या इंजिनाबाहेर आलेल्या हातात ते कडं अडकवायचं. अण्णा खुर्चीतून उठले. कडं कसं धरायचं ते दाखवायला त्यांनी आईची भरतकामाची गोल चौकट घेतली. मुलगा ड्रायव्हर झाला, सोफ्यावरून अर्धा बाहेर वाकला आणि त्याने चौकट झेलली.

“आणि गोळा हरवला तर?” त्याने विचारलं.

अण्णा क्षणभर गप्प. मग त्यांनी एका पावसाळी रात्रीची हकीकत सांगितली. पिशवी निसटून रुळाकडेच्या चिखलात पडलेली, गाडी ताटकळलेली, आणि ते आणि एक पॉइंट्समन कंदील घेऊन गुडघाभर चिखलात गोळा शोधताहेत. आम्ही तोंडाचा आ करून ऐकत राहिलो. आई म्हणाली, “हे मला कधी सांगितलं नाहीत ते!”

“तू कधी विचारलंस?” अण्णा म्हणाले.

मंडळी गेल्यावर ताईने निकाल दिला: “त्याने तुला बघितलंच नाही. तो अण्णांना बघायला आला होता.” खरं होतं. पण मी त्याला बघितलं होतं, आणि त्याच्यासमोर बसलेल्या अण्णांनाही. निवृत्तीनंतर पेपरातलं शब्दकोडं आणि रक्तदाबाची गोळी एवढ्यावर आलेला माणूस चौकट हातात धरून दिवाणखान्यात उभा होता आणि तीस वर्षांनी तरुण दिसत होता. जो माझ्या वडिलांचं असं करू शकतो तो माझंही काहीतरी करेल, असा माझा हिशेब.

केलं. मधुचंद्राला लोणारला नेलं.

महाबळेश्वरला नुसते पॉइंट असतात, असं त्याचं म्हणणं. लोणारला, बुलढाणा जिल्ह्यात, आभाळातून उल्का पडून बेसॉल्टच्या खडकात पावणेदोन किलोमीटरहून थोड्या जास्त रुंदीचा खड्डा झालाय आणि बेसॉल्टमधला असा खड्डा जगात क्वचित सापडतो, मग नवीन लग्न झालेल्या माणसाने आणखी कुठे जायचं? अलेक्झांडर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या सरोवराची नोंद केली आणि पुढे कित्येक वर्षं लोक ते ज्वालामुखीचं तोंड समजत होते, ही माहिती मला नवविवाहित अवस्थेत, कडेवरून खाली उतरताना, शालू सावरत मिळाली. (शालू नेसायचं काही कारण नव्हतं. पण मला कुठे जायचंय ते स्टँडवर कळलं.)

खाली पाण्याशी गेल्यावर तो म्हणाला, “तुझ्याकडे हळद आहे?” नव्या नवरीच्या पिशवीत हळदकुंकवाच्या पुड्या असायच्याच. त्याने माझ्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली आणि वर ओंजळीतलं सरोवराचं पाणी सोडलं. पिवळी हळद बघता बघता लाल झाली. लोणारचं पाणी नुसतं खारट नाही, चांगलंच अल्कधर्मी आहे, आणि हळदीला अल्क लागलं की ती लाल होते; कुंकू करतात ते याच युक्तीने. हे सगळं तो सांगत होता, पण मी काही फारसं ऐकत नव्हते. दुसऱ्या कुणाचा नवरा बायकोला गजरा आणतो. माझ्या हातावर माझ्या नवऱ्याने उल्केच्या खड्ड्यात कुंकू तयार करून दिलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “आता यावर लिंबू पिळलं तर परत पिवळी होईल. लिंबू आणायला हवं होतं.” एरवी मी या वाक्यावर भाळले असते. त्या दिवशी जरा थांबला असता तर बरं झालं असतं.

तर अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय, हे भाळण्याच्या वेळी कुणी सांगत नाही. त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं की तो तासाभराने येतो. नाशिकच्या बाजूने रात्री टेम्पो निघतात, पहाटे वाशीच्या बाजारात पोचतात, पावसात भिजलेली जुडी आतून सडते म्हणून भाव एका दिवसात कुठल्या कुठे जातो, आणि भाजीवालीचा मुलगा आयटीआयला वायरमनचा कोर्स करतोय, हे सगळं तो घेऊन येतो. कोथिंबीर राहते. मिक्सर बिघडला की दुरुस्त करणारा आणि हा दोघं जमिनीवर मांडी घालून बसतात, आणि तो माणूस निघताना पैसे कमी घेतो. डॉक्टरांकडे नेलं तर डॉक्टर खुर्ची पुढे ओढून कागदावर हृदयाचं चित्र काढायला लागतात आणि बाहेर बसलेले पेशंट माझ्याकडे बघायला लागतात, जसं काही मीच हृदय लांबवतेय. लग्नात तो जेवायच्या रांगेत सापडत नाही. बँडवाल्यांजवळ सापडतो.

पण ही लक्षणं आमच्याच घरातली नाहीत, हे कळल्यावर मला बराच धीर आला. मराठी मुलखात या रोगाचे मोठमोठे रुग्ण होऊन गेले. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धावर वाचलं आणि हा धर्म मुळातून शिकायचा म्हणून १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन. पुढे ते पालीचे एवढे मोठे पंडित झाले की हार्वर्डने बोलावून घेतलं. घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. चरित्रं वाचताना आपण नेपाळच्या वाटेवर त्यांच्याबरोबर चालत असतो. मला अलीकडे मधूनच साखवाळला परत यावंसं वाटतं, चुलीपाशी काय चाललंय ते बघायला.

त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद मूळचे गणिती. प्राचीन नाणी हातात आली तर माणूस ती कुठल्या राजाची ते बघेल. यांनी ती तराजूत घातली. नाणं हातोहात फिरतं, फिरता फिरता झिजतं, म्हणजे जेवढं जास्त फिरलं तेवढं हलकं. तेव्हा हजारो नाण्यांची वजनं करून संख्याशास्त्र लावलं तर कुठला साठा आधीचा आणि कुठला नंतरचा ते नाणंच सांगेल. ते पुण्यात राहत आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला, त्यामुळे डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊनयेऊन करत. त्या गाडीत कोसंबींच्या शेजारची जागा मिळालेल्या प्रवाशाचा मला हेवा वाटतो. अर्थात त्याने कदाचित ऑम्लेट खाऊन झोप काढली असेल.

वि. का. राजवाडे तर जुन्या कागदांपायी गावोगाव हिंडले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. पत्नी लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही, स्वयंपाक स्वतः करत. त्यांच्याबद्दल आदर बाळगूनही म्हणते की दुसरं लग्न केलं नाही हे एका अज्ञात मुलीच्या दृष्टीने फार छान झालं. माळ्यावरच्या दप्तरांतली धूळ रोज कुणी झाडायची?

बाई असून हा रोग लागला तर? तिथे इरावतीबाई कर्वे. बर्लिनला जाऊन कवट्या मोजून आल्या, मग आयुष्यभर देशभर हिंडून माणसं मोजली, त्यांना प्रश्न विचारले. वारीला निघाल्या त्याही भक्तीबरोबर डोळे उघडे ठेवून. दिंडीत एकत्र चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात, हे त्यांना टोचलं आणि त्यांनी ते लिहिलं. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवत, नवऱ्याला चारचौघांत ‘दिनू’ म्हणत. दिनू म्हणजे फर्ग्युसनचे प्राचार्य दिनकर कर्वे. तुमच्या बायकोने बर्लिनहून कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकावर प्रबंध लिहून आणला आणि तुम्ही तिच्यावर तरीही, किंवा त्यामुळेच, लुब्ध असाल, तर सदतिसावा गुण तुमच्यातही पुरेपूर आहे. मला वाटतं, हा गुण दोघांत मिळून निदान दीड असावा. दोघांत दोन असले तर गॅसवरच्या दुधाकडे बघायला कुणीच उरत नाही.

या सगळ्यांत मला जवळचे वाटतात ते देवळालीचे शाळामास्तर, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पदव्यांचा डोलारा नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, शाळेत शिकवायचं आणि उरलेला वेळ आकड्यांत रमायचं. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वेळा केलंत की ६१७४ ला येऊन पोचता आणि तिथून हलत नाही. मोठमोठ्या गणित्यांनी याला पोरखेळ म्हटलं असेल, पण १९७५ साली मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर अमेरिकेत लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं.

आमच्या घरी याचा उपयोग सिग्नलला होतो. पुढच्या रिक्षाचा नंबर घ्यायचा आणि सिग्नल सुटायच्या आत ६१७४ गाठायचं. एकदा तीन हात नाक्याला आमच्यापुढे २७४१ नंबरची रिक्षा उभी राहिली. ७४२१ वजा १२४७. एका पायरीत ६१७४! नवरा एवढ्या मोठ्याने ओरडला की पुढच्या रिक्षावाल्याने घाबरून मागे बघितलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवताहेत, आणि हा खिडकीतून डोकं काढून त्या बिचाऱ्याला सांगतोय, “तुमचा नंबर फार भारी आहे!” रिक्षावाल्याने हात जोडले. पोलीस नाही एवढं बघितलं आणि निघाला.

ताईला हे सगळं कधीच पटलं नाही. तिच्या मते मी ‘त्या प्रश्नोपनिषदाशी’ लग्न करून आयुष्याची रोजची कामं उशिरा करून घेतली. तिचा नवरा अबोल, वक्तशीर, कोथिंबीर आणणारा. म्हणून तिच्या मुलीने, माझ्या भाचीने, स्थळं बघायला साफ नकार देऊन डेटिंग ॲपवर ‘मला बुद्धीचं आकर्षण आहे’ असं इंग्रजीतून लिहिलं तेव्हा ताईने मला फोन केला. आरोपीला करतात तसा.

पहिला मुलगा भाचीला कॉफी प्यायला भेटला. त्यानेही तेच लिहिलं होतं, बुद्धीचं आकर्षण. ते स्वतःच्याच बुद्धीचं निघालं. दीड तास त्याने क्रिप्टो, स्टोइक तत्त्वज्ञान आणि पहाटे पाचला उठणं यांवर व्याख्यान दिलं. जाताना म्हणाला, “तू फार छान बोलतेस.” ती एकूण दोन वाक्यं बोलली होती, आणि त्यातलं एक वेटरला.

दुसरा मुलगा गप्पिष्ट नव्हता. भाची दुधाच्या डेअरीत मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे, हे कळल्यावर त्याने विचारलं, “थंडीत आमच्या घरी विरजण लागत नाही, तेव्हा आजी दुधात मिरचीचे देठ टाकायची. त्याने खरंच लागतं, की आजीचं समाधान?” भाचीने कॉफी बाजूला सारली. देठांवर दही लावणारे जिवाणू असू शकतात, हे तिला ठाऊक होतं; पण घरच्या दुधात, घरच्या थंडीत, किती वेळात लागतं ते तिने कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मुलगा ताईच्या घरी आला. ताईने उपमा केला होता. दोघांनी तो उभ्याउभ्या खाल्ला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दूध उकळून कोमट केलं, बोट बुडवून चटका बसत नाही ना ते बघितलं, आणि ओट्यावर चार वाट्या मांडल्या. एकीत नेहमीचं विरजण. दुसरीत हिरव्या मिरचीचे देठ. तिसरीत लिंबाचा रस, त्याने दूध लगेच फाटलं आणि ताईचा चेहराही. चौथी वाटी नुसत्या दुधाची, झाकून ठेवलेली.

“हिच्यात काय घालायचंय?” ताईने विचारलं.

“काही नाही, काकू.”

“मग ठेवायची कशाला?”

“काही न घातलं तर काय होतं ते बघायला.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी तोपर्यंत त्या मुलाच्या प्रेमात पडले होते. मावशीला शोभेल इतपतच, पण पडले होते. काही न घालता ठेवलेल्या वाटीसाठी चार माणसांच्या घरात जागा मागणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघत होते.

रात्री दोघं फोनवरून वाट्यांची विचारपूस करत राहिले. मुलगा आपल्या घरी, भाची ओट्यापाशी. दर दोन तासांनी वाटी किंचित कलती करून बघायची आणि कळवायचं. ताई सांगत होती की पहाटे उठून बघते तर पोरगी ओट्याला टेकून झोपलेली, हातात फोन, आणि फोनमधून मुलगा विचारतोय, “हलतंय का अजून?” त्या वयात आम्ही फोनवर काय बोलायचो ते आठवून ताई गप्प बसली असावी. देठांच्या वाटीतलं दही सकाळी घट्ट लागलं होतं. विरजणाच्या वाटीपेक्षा जरा उशिरा, आणि चवीला सौम्य. मुलगा ऑफिसला जाताजाता चाखायला आला आणि डबा घेऊन गेला.

ताईने त्याची पत्रिका मागवली नाही. मागवली असती तर बहुधा तिला त्याचं जनावर काय निघालं ते विचारावं लागलं असतं, आणि विचारणं हा आमच्या घराण्यातला तिला नको असलेला भाग.

नंतर चारेक दिवसांनी रात्री अकराला तिचा फोन आला. एवढ्या उशिरा ताई फोन करते ती कुणी गेलं तरच, म्हणून मी घाबरून उचलला.

“अगं,” ती म्हणाली, “ढोबळ्या मिरचीच्या देठानेही लागत असेल का गं? तीही मिरचीच ना? मी एक वाटी लावून ठेवलीय. आणि एक नुसती ठेवलीय.”

मला काही ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं.

“मग तुझ्याशी बोलून काय उपयोग,” ताई म्हणाली. “त्यांना उठव.”